आईला बसवून आवळलेले बोल्ट

आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात होतो. शिपायानं ऑफिसात बोलावलं. फोनवर आप्पांचा थोरला लेक होता. "सर, आप्पा गेलं..." एवढंच म्हणाला. केडगावजवळ चौफुल्यावर आप्पांचं कमानपाट्यांचं, म्हणजे गाडीचे हादरे झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचं दुकान होतं. उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक हे त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. माझी जुनी अँबॅसिडर म्हणजे नसती ब्याद. तरी त्यांनी तिच्यावर जीव लावला, आणि माझ्यावरही. तीन आठवडे झाले, अजून खरं वाटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. वडिलांच्या हातची ती गाडी मागून इतकी बसली होती, की खड्ड्यात चाक वर घासायचं. त्यातच आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दर महिन्याला तिला निमोण्याहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली. मी आप्पांकडे गेलो आणि वर त्यांनाच शिकवलं, "एक पाटा वाढवा, गाडी आपोआप उचलेल." आमच्याकडे ट्रॉली बसली की हेच करतात. आप्पा म्हणाले, "सर, ट्रॉलीत ऊस बसतोय. ऊस बोंबलत न्हाई." पण मी मास्तर माणूस, ऐकून घ्यायची सवय कमी! शेवटी त्यांनी नाइलाजानं पाटा घातला. गाडी ऐटीत उभी राहिली. मी गावातून दोन चकरा मारून ती लोकांना दाखवलीसुद्धा. पुण्याला निघालो आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा आईच्या मणक्यात गेला. शिक्रापूरपर्यंत तिनं कसाबसा दम धरला, मग ती लहान मुलासारखी रडायला लागली. घरी आल्यावर म्हणाली, "मला हितंच पडू दे, पन त्या गाडीत पुन्यांदा बसवू नगंस." डॉक्टरांकडे जाणं सुटलं असतं तर ती खाटेलाच खिळली असती. मला माझीच लाज वाटली, अजूनही वाटते.

आप्पांनी मात्र मला एका शब्दानं टोचलं नाही. वाढवलेला पाटा काढला. मूळचे पाटे सुटे करून, ऐरणीवर ठोकून एकेकाला परत कमान दिली, मधे ग्रीस भरलं, रबरी बुश आणि शॉकअप नवे घातले. मग म्हणाले, "पाट्याचं बोल्ट अजून पक्कं आवळलं न्हाईत. मानूस बसल्याबिगर आवळलं तर रबर पिळवटतंय. ज्याच्यासाठी गाडी, त्यालाच बसवायचं."

"आई बसायची नाही, आप्पा."

"मग चला हळूहळू, मीच येतो की."

निमोण्याच्या आमच्या अंगणात आप्पा पोतं अंथरून गाडीखाली आडवे झाले. "अक्का, गाडी हलायची न्हाई. नुसतं बसा." आई कुरकुरत बसली. खालून पाना फिरत होता आणि आप्पा तिला ज्वारीचं, गुडघ्यांचं, माहेरचं विचारत होते. "जरा मधी सरका, अक्का... आता कडंला." चांगला अर्धा तास ती बसली, पाठीचं नावही काढलं नाही. मातीनं माखलेले आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "झाली बघा, तुमच्या वजनाची झाली गाडी."

"आन् सून बसली तर?"

"मग पाना घिऊन परत यावं लागंल!"

आई कितीतरी दिवसांनी हसली. पुढच्या महिन्यात ती आपणहून गाडीत बसली. तिचं एकही पुणं चुकलं नाही, आणि आज ती स्वतःच्या पायांनी हिंडतेय. हे आप्पांचे उपकार आहेत, दुसरा शब्द मला सुचत नाही.

आप्पांच्या दहाव्याला ती हट्टानं माझ्याबरोबर त्याच गाडीतून निघाली. न्हावऱ्यापर्यंत आप्पांविषयीच बोलत होती. भीमेचा पूल आला तशी गप्प झाली. रडत असेल, म्हणून मी मागं पाहिलं नाही. चौफुल्यावर दुकानाला कुलूप होतं. शेजारीच घर, तिथं गाडी उभी केली आणि मागं वळलो... आई गाढ झोपली होती. आप्पांचा लेक दार उघडायला पुढं आला. मी ओठांवर बोट ठेवलं, तसा तो दाराला हात लावून तिथंच उभा राहिला.