परभणीच्या गल्लीत, धाकट्याने काढलेले फोटो घेऊन

माझा धाकटा भाऊ परभणीत नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी तिथल्या वस्त्यांमधल्या मुलांचे कृष्णधवल फोटो काढायचा. यंदा पावसाळ्यात तो अपघातात गेला. प्रिंट आणून देईन, असं त्याने मुलांना सांगून ठेवलं होतं. दिवाळीनंतर मी ते काढून घेतले आणि संभाजीनगरहून सकाळची गाडी पकडली.

असे फोटो काढायला जाणार असाल, तर थंडीत जा. ऊन चढेपर्यंत गल्लीत उजेड मऊ असतो. स्टेशनबाहेर चुरमुऱ्यांची गरम सुशीला मिळते, ती खाऊन निघा. रिक्षाचं भाडं आधी ठरवा. आणि फोटोसाठी मुलाच्या आधी त्याच्या आईला विचारा.

विहाराशेजारच्या गल्लीत मुलांनी मला गराडा घातला. एकाचं नाक फोटोत भज्यावानी आलंय म्हणून बाकीचे त्याला चिडवायला लागले. तेवढ्यात शेजारच्या घरातून मुक्ताबाई नावाच्या आजी बाहेर आल्या. नातीच्या हातातला फोटो त्यांनी बघितला आणि उलटा करून मला परत दिला.

"दादा, असले काळे फोटू गेलेल्या माणसाचे लावतेत. जित्या लेकराचा कशाला?"

ते ऐकून इतर बायकाही मुलांकडचे प्रिंट काढून घ्यायला लागल्या. मुक्ताबाईंची नात मात्र विचारत राहिली, फोटूवाला मामा का नाही आला. शेवटी मी खरं ते सांगितलं.

मुक्ताबाई आत निघून गेल्या. मी प्रिंट गोळा करायला लागलो, तर त्या काजळाची डबी घेऊन परत आल्या. नातीचा फोटो मागून घेतला आणि त्यातल्या गालावर बोटाने तीट लावली.

"आता झाला जित्याचा. बाकीचे बी आणा इकडं."

एकेक करत सगळ्या फोटोंना तीट लागली. चकचकीत कागदावर काजळ टिकत नाही, हे मी बोललो नाही. चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

आईने प्रवासाचं काही विचारलं नाही. मुलं त्याला काय म्हणायची, एवढंच विचारलं. मामा, मी सांगितलं. आम्हाला बहीण नाही. घरात त्याला मामा म्हणणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, किती जणं म्हणायची?

सगळीच, मी म्हणालो.