दाजी दिल्लीला निघाले

प्रवासाचा धसका घ्यावा तर आमच्या दाजींनी. सबंध आंबेगाव तालुक्यात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, डिंभ्याचे शेतकरी. ओझरच्या गणपतीला जायचं तरी भाकरीचं गाठोडं, बॅटरी आणि घोंगडी बरोबर हवीच. "एसटीचा काय भरवसा, राव? रानात ऱ्हावं लागलं तर?" एकदा नारायणगावच्या लग्नाला इतके लवकर पोचले, की मांडववाल्यांनी आपलाच गडी समजून त्यांना बांबू धरायला लावले. दाजींनीही ते मुकाट धरले.

अशा माणसाला एका हिवाळ्यात विमानात बसावं लागलं. त्यांची एकुलती एक लेक सुमन दिल्लीला बाळंत झाली. ताई आधीच तिच्याजवळ गेली होती. सकाळी जावयाचा फोन आला : बाळ ठीक आहे, पण सुमनचा रक्तस्राव थांबत नाही, ऑपरेशनला नेताहेत, निघा. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. रेल्वेनं दुसरा दिवस उजाडला असता, म्हणून दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली. शेजाऱ्याच्या जीपमधून दाजी विमानतळावर उतरले ते रिकाम्या हातांनी. पायांत दोन वेगळ्या चपला.

"दिल्ली किती लांब?"

"दोनेक तास."

"थट्टा नगं करू. तेवढ्यात आमी घाट उतरून पुण्याला पोचत न्हाई."

"विमान सरळ जातं, दाजी. घाट नाही, वळण नाही."

"आन् मधी कुठं थांबत न्हाई?"

"नाही."

विमानात फोन बंद. सुमनचं काय झालं, कळायला मार्ग नव्हता. दिल्ली आली म्हणेपर्यंत सांगण्यात आलं की खाली धुकं आहे, उतरता येत नाही. विमान घिरट्या घालू लागलं. दाजींनी माझं मनगट असं आवळलं की बोटं बधिर झाली. मग एकदम हवाईसुंदरीला हाक मारली, "ताई, माजी लेक हाय खाली. मला उतरवा." तिला मराठीचा एक शब्द कळला नसावा. पण त्यांच्याकडे पाहून ती खाली बसली आणि विमान जमिनीला टेकायला निघेपर्यंत त्यांच्या हातावर हात ठेवून राहिली.

दवाखान्याच्या दारात ताई पदरात तोंड लपवून रडत उभी होती. ते पाहिलं आणि दाजी पायरीवरच खाली बसले.

"अवं, उठा," ताई त्यांचा दंड धरून म्हणाली, "शुद्धीवर आलीया. तुमालाच इचारतीया."

सुमनच्या उशाशी दाजी नुसते उभे राहिले. तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले, बस्स. दाजी निघाले तेव्हा ती म्हणाली, "आबा, परत या." "येतो की," ते म्हणाले.

जाणं झालं नाही. शेती, मग गुडघे, आणि काही वर्षांनी एका सकाळी दाजीच गेले. सुमन मिळेल त्या विमानानं निघाली. अंगण माणसांनी भरलं होतं, ऊन चढत होतं. पण कुणी घाई केली नाही. सगळा गाव रस्त्याकडे डोळे लावून तिच्यासाठी थांबला.