हौसाक्कांचा उपास आणि माझा नाच

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा लपत नाही. तुम्ही बसा जरा.

साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका कोरड्या तालुक्याचा मी सभापती होतो. नाचाचं वेड लहानपणापासूनचं. हलगी वाजली की पाय जागेवर राहायचे नाहीत. आणि एके दिवशी टीव्हीवाल्यांचा फोन! पुढाऱ्यांच्या नाचाचा खास भाग, शूटिंग सांगलीत, येत्या रविवारी. ऑफिसातच गिरकी घेतली मी. शिपाई बघतच राहिला. रविवारी आणखी काय आहे ते आठवत नव्हतं का? आठवत होतं — म्हणून तर पुन्हा खुर्चीत बसलो.

हौसाक्कांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यांचा एकुलता एक मुलगा सीमेवर कामी आला, आणि त्याच्या स्मारकाचं अनावरण त्याच रविवारी माझ्या हातून व्हायचं होतं. तारीख मीच दिलेली. तिथे एक रीत आहे. फौजीच्या प्रत्येक घरातून तांब्याभर पाणी येतं, ते चौथऱ्यावर ओततात, मग पाहुणा पडदा सारतो. तोवर जवानाची आई अन्नाला शिवत नाही. हेही मला ठाऊक होतं.

तरी सांगलीला गेलो. ते दिवे, तो चकाकणारा कोट — स्वतःच्या लग्नातही एवढा हरखलो नव्हतो. फोन वाजत राहिला. अकराला उचलला आणि — तोंडातून निघून गेलं म्हणू? नाही. ठरवून म्हणालो, गाडीला अपघात झालाय, उजव्या हाताला लागलंय, मिरजेत दवाखान्यात आहे. मिरजच का? तिथे इतके दवाखाने, कोण शोधत बसतंय!

पण आमच्याकडची माणसं अपघात ऐकला की डबा बांधून निघतात. त्यांच्याच मतांवर निवडून आलेला मी हे कसं विसरलो?

चारच्या सुमाराला गावातल्या माजी सुभेदारांचा फोन आला. "सायेब, आमी मिरजंत हाय. तीन दवाखानं पालथं घातलं. हौसाक्का बी हाय संगं. पडदा उघडला न्हाई. सायेब बरं झाल्याबिगर न्हाई म्हंत्यात."

मिरजेच्या एसटी स्टँडवर थांबा, तिथेच येतो म्हणालो. पण माझ्या नाचाचं शूटिंग दुसऱ्यांदा घ्यायचं होतं. तसाच निघालो का? नाही. आधी नाचलो. आणि खरं सांगू — जन्मात तसा नाचलो नव्हतो. पाय जमिनीला लागत नव्हते.

मग मेकअपवाल्याकडून हाताला पट्टी गुंडाळून घेतली, गाडीत तोंडाचा रंग पुसला आणि मिरजेच्या एसटी स्टँडवर गेलो. आत्ताच सोडलं म्हणालो. हौसाक्का बाकावरून उठल्या, पट्टीवर हलकेच हात ठेवला. "लय दुखतंय का, सायेब?" डबा उघडला. माझा उजवा हात कामाचा नाही म्हणून भाकरी कालवणात कुस्करली आणि स्वतःच्या हाताने मला भरवली. तुम्ही जेवलात का, हे मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. सगळं खाल्लं — नाचून भूक लागली होती.

आठवड्याने पट्टीसकट जाऊन पडदा सारला; तोवर आक्का नुसत्या पाण्यावर. कोनशिलेवर माझं नाव आहे.

दोन महिन्यांनी कार्यक्रम लागला. तालुकाभर फटाके उडाले, माझ्या दारात गर्दी. हौसाक्कांचाही फोन आला. शूटिंग कधीचं, त्यांना काय माहीत? "हात बरा झाला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "लय ग्वाड नाचलासा." त्यांच्या आवाजात खराखुरा आनंद होता. मी म्हणालो, तुमचाच आशीर्वाद, आक्का.

फोन ठेवला आणि तो नाच पुन्हा लावून पाहिला. शेवटपर्यंत पाहिला. मला तो आवडला.