मिरवेलीचा कूलर

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर काय करावं, तर नागपुरात काळी मिरी पिकवावी! कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या धुरळ्यात जन्म काढलेला माणूस एकदा कोकणात सहलीला गेला आणि मिरवेलीची दोन रोपं ओल्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. रोपवाल्यानं बजावलं होतं म्हणे, हिला सावली लागते, ओल लागते आणि चढायला झाड लागतं. झाड म्हणून मागच्या अंगणातला शेवगा मिळाला. सावलीसाठी हिरवी जाळी आली. शेजारीण पानं पाहून म्हणाली, "विड्याचे पानं लावले का वं?" ह्यांनी तिच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

पहिल्याच उन्हाळ्यात एक रोप करपलं. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये वाळ्याच्या ताट्यांचा नवाकोरा कूलर घरी आला आणि थेट शेवग्याखाली गेला.

आता सांगितलंच पाहिजे. स्वयंपाकघरात कूलर हवा म्हणून मी लग्नापासून मागे लागले होते. दरवर्षी उत्तर ठरलेलं: गॅस विझतो, पापड सादळतात. मे महिन्यात पोळ्या करताना घाम पुसावा की तव्यावरची पोळी उलटावी, हेच मला कळायचं नाही. वेलीला मात्र मागावंसुद्धा लागलं नाही.

एका दुपारी मी विळी घेऊन त्या कूलरसमोरच वांगी चिरायला बसले. हे बाहेर आले.

"अवं, हवा अडवून राहिली नं तू तिची! सरक जराशी."

आधी हसू आलं. मग असा संताप आला, की पुढ्यातल्या विळीचं मलाच भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे कळमन्याच्या बाजारात आंबे आणायला गेले. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून कूलर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवून घेतला. गॅस काही विझला नाही.

पेटी घेऊन हे परतले, शेवग्याखालची रिकामी जागा पाहिली आणि तणतणत आत आले.

"काहून काढला? मरन नं वं ते वेल!"

"वेल कोकणात दुसरी भेटते जी," मी म्हटलं. "सावनेरले माझ्या माहेरी बायको दुसरी भेटते का, जाऊन पाहून या."

वाटलं, आता तरी ओशाळतील. पण हे आंब्यांची पेटी धरून तसेच उभे. खरंच विचार करत होते.