पानातलं तिखट

मावशीच्या पानमळ्यात शिरताना चपला काढून पाय धुवावे लागतात. मला वाटलं, देवाचं काही असेल. मावशी म्हणाली, "देवाचं आहेच. पण बाहेरची माती आत आली की वेलींना मर लागते, बुरशीनं मुळं कुजतात."

आत गार, हिरवी सावली होती. मावशी विक्रीतून उरलेली पानं पाट्यावर वाटत होती. त्यांचा रस पाण्यात मिसळून ती मिरचीच्या रोपांवर फवारते. बुरशी कमी धरते म्हणते. मी एक पान चावलं. जीभ चुरचुरली. हे तिखट बहुधा आपल्यासाठी नसावंच. वेलीनं ते बुरशीला लांब ठेवायला जमवलं असेल, आणि आपण त्याला चुना लावून जेवणानंतर चघळत बसतो.

पण मग हीच वेल मुळाशी बुरशीनंच कशी कुजते? मी वाकून बुंध्याचा वास घेतला. नुसती ओली माती.

"काय हुंगतेस गं?"

"तिखट इथपर्यंत का उतरत नाही, ते बघतेय."

मावशीनं बुंध्याशी माती सारली. "वरचं तिचं ती बघते. खालचं आपण बघायचं."

मी हळूच एकेक पाय उचलून तळव्याला माती राहिलीय का ते पाहिलं.