पुरावा आधी त्यांचा

"ह्या इथे राहतात का?"

प्रश्न माझ्याबद्दल होता. विचारला अण्णांना. मी समोरच उभी होते, सोसायटीच्या गेटात, हातात भाजीची पिशवी घेऊन.

विचारणाऱ्या मॅडम बीएलओ होत्या. एका शाळेत शिकवतात आणि मतदार यादीतली नावं घरोघर जाऊन तपासायचं काम त्यांच्या गळ्यात पडलेलं. अण्णा आमच्या सोसायटीचे चेअरमन. वॉचमनच्या खुर्चीत बसलेले. बिल्डिंग त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे. जमीन विकून बरीच वर्षं झाली, पण अण्णांच्या डोक्यातून सातबारा उतरलेला नाही.

"राहत नाय," अण्णा म्हणाले. "फ्लॅट घेतलाय, त्यात भंगार भरती. झोपायला असती कवाकवा. एरवी कुठं असती, आपण कशाला बोलावं."

वॉचमन हसला. मॅडमनी लिहून घेतलं.

माझं डोकं फिरलं की तोंडातून यवतमाळ बाहेर पडतं. "मले इचारा ना. मी इथं उभी आहो."

"बघा," अण्णा मॅडमना म्हणाले. "भाषाच सांगती कुठली हाय ती."

मॅडम पुढच्या नावाकडे वळल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी भंगारवाली नाही. खराडीतल्या कंपन्या ऑफिस हलवतात, बंद करतात, तेव्हा त्यांची टेबलं-खुर्च्या घाऊक घेते आणि विकते. सुरुवात त्याच ऑफिसांत फरशी पुसण्यापासून केली. पुढच्या दारानं सोडत नसत. मालाच्या लिफ्टनं जा, म्हणत. आता त्याच लिफ्टनं त्यांचं फर्निचर मी खाली आणते. भाव करायला मला कुणी शिकवलं नाही. समोरचा आकडा बोलेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच येतं. बहुतेकांना गप्प बसवत नाही. ते बोलतात, आणि फसतात.

फ्लॅट स्वतःच्या पैशाने घेतला. घेताना अण्णांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं असं नाही.

त्यांचा राग कशाचा ते मला माहीत होतं. खडकवासला भरून वाहत असतं तेव्हाही आमच्याकडे टँकर येतो. टँकर अण्णांच्या पुतण्याचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, दुसऱ्या कुणाचा दर का मागवत नाही? सगळे खाली बघत बसले. त्यात महापालिकेची निवडणूक आलेली, आणि आमच्या प्रभागातून अण्णांची सून उभी राहणार.

मग नोटीस आली. वॉचमनने दिली तेव्हा पाकीट फोडलेलं होतं. "असंच आलं," म्हणाला. माझ्या मतदार यादीतल्या नावावर आक्षेप. कारण, दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. आक्षेप घेणारे, अण्णा. सुनावणीला हजर राहावे.

दोन दिवसांनी अण्णांचा फोन. "ताई, पोरांनी उगा फॉर्म भरला. सही माझी घेतली. मी मागं घेतो. धंदा सोडून कशाला दिवस मोडता? येऊ नका."

अण्णांनी मला त्याआधी कधी ताई म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईक अचानक गोड झालं की मी माल पुन्हा तपासते.

त्याच आठवड्यात नारायण पेठेतल्या एका वकिलांना टेबल पोचवायचं होतं.

"आपल्या टेबलाला ओरखडा आहे," वकील म्हणाले.

"आहे. अजून थोडे कमी करते. त्याबदल्यात हे वाचा."

त्यांनी नोटीस वाचली. "आपण जाणार आहात ना?"

"ते मागे घेतो म्हणालेत."

"लेखी?"

"फोनवर."

"मग मतदानही फोनवरच करा."

मला राग आला, पण माणूस कामाचा होता. त्यांनी सांगितलं ते असं. नाव यादीत आहे, तर ते चुकीचं आहे हे दाखवायचं काम आक्षेप घेणाऱ्याचं. तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय, तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. पण तुम्ही गेलाच नाहीत, तर ऐकणार कुणाचं? त्याच्या अर्जाची प्रत मागा. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करा. आणि अर्जाखाली त्याने सही केली आहे, की लिहिलंय ते खरं आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल, तर त्याची शिक्षा कैदही असू शकते.

मी वकिलांवरही विश्वास ठेवला नाही. घरी येऊन मोबाईलवर शोधून वाचलं. तसंच होतं. मग मतदार नोंदणीच्या ऑफिसात जाऊन अण्णांच्या अर्जाची प्रत घेतली. सही त्यांचीच. सोसायटीच्या पावत्यांवर असते तशीच, शेवटी लांब ओढलेली.

तरी सुनावणीला जाताना पिशवी भरलीच. लाइटबिलं, गॅसचं पुस्तक, फ्लॅटचे कागद. आधार कार्ड घ्यायला धजत नव्हते, कारण त्यावर अजून गोडाऊनचा पत्ता होता. ट्रक उशिरा आला तर मी गोडाऊनमध्येच झोपते, हेही खरं. आणि माझ्या हॉलमध्ये चार-सहा खुर्च्या पडलेल्या असतात, हेही. असे धागे ओढायला अण्णांना किती वेळ लागला असता?

अण्णा आलेले होते. मागे घेतो म्हणणारा माणूस, अधिकाऱ्यांसमोर चहा पीत बसलेला. बीएलओ मॅडम शेजारी. मी उभी.

"बाई, तुम्ही तिथे राहता याचा पुरावा आणलाय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

माझा हात पिशवीत गेला. आपोआप गेला. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, पिशवी उघडली. बँकेने विचारलं, उघडली. फ्लॅट घेताना, गोडाऊन घेताना, प्रत्येक दारात आधी मी उघडायची आणि समोरच्याने त्यात खोट शोधायची. धंद्यात जी चूक मी एकदाही केली नाही, ती बाकी जन्मभर करत आले होते.

हात बाहेर काढला.

"साहेब, पुरावा आधी त्यांचा."

"प्रश्न तुम्हाला विचारलाय."

"माझं नाव यादीत आहे. काढायचंय त्यांना. त्यांचं होऊ द्या, मग मी दाखवते." कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसले.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "अण्णा, काही लेखी?"

"मी सांगतो ना. आख्खं गाव वळखतं मला. मॅडमनी पाहणी केलीय."

मी मॅडमकडे वळले. "माझं दार वाजवलं होतंत?"

त्या वही चाळू लागल्या. अधिकारी म्हणाले, "सांगा."

"नाही. गेटवरच... अण्णांनी सांगितलं."

मग कुणीच बोललं नाही. मी तर नाहीच. अण्णांना ती शांतता सोसवेना.

"साहेब, तुमाला माहीत नाय ही बाई काय हाय ती. रोज सकाळी टँकरपाशी येऊन भांडती. रोज. एक दिवस सोडत नाय."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "रोज सकाळी?"

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

आक्षेप फेटाळला. "झालं ना तुमच्या मनासारखं?" अधिकारी मला म्हणाले. "शेजारी आहात. आता मिटवून टाका."

मी आदेशाची प्रत मागितली. नंतर मिळेल, म्हणाले. थांबते, म्हटलं. घेऊनच उठले.

घरी आल्यावर कळलं. तिसऱ्या मजल्यावर बुलढाण्याकडचे नवरा-बायको राहतात, दोघं कारखान्यात कामाला. त्यांनाही नोटीस होती. त्यांनाही तो फोन गेला होता. ते गेले नाहीत. दोघांची नावं उडाली.

"अण्णा मागं घेतो म्हणाले होते," ती म्हणाली. "राहून गेलं असेल त्यांच्याकडून. माणूस तसा चांगला आहे."

मी तिच्यावर ओरडले. ओरडायचं तिच्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी काढायला लावली आणि अपिलाचे कागद करून घेतले. अण्णांच्या खोट्या अर्जाविरुद्ध माझी तक्रार वेगळी दिली. पोच घेतली.

रविवारी अण्णा दारात आले. आत बोलावलं नाही.

"ताई, सुनेला अडचण हुईल. पुढच्या महिन्यापासून टँकर बदलू. तुमी सांगाल त्याचा. तेवढी तक्रार घ्या मागं."

सौदा वाईट नव्हता. सगळ्या बिल्डिंगचा फायदा होता. मला ते हवंही होतं. दुसऱ्या कशाची तक्रार असती तर मी त्यात अजून काहीतरी मागून घेतलं असतं.

"नाही," म्हटलं.

"विचार करा."

"केलाय."

दार लावलं.

आता त्यांना नोटीस जाईल. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. जरूर घ्यावं. त्यांच्याबद्दल कुणी गेटवर तिसऱ्याला विचारू नये, त्यांनाच विचारावं. तो हक्क त्यांचाही आहे. ते काय सांगतात ते ऐकायला मी समोर बसणार आहे. माझ्या तक्रारीतला एक शब्दही कमी होणार नाही.