चार सारखी भोकं

कातारीणबाई पंधराव्या वर्षी लाकूड कातायच्या लेथवर उभ्या राहिल्या, कारण वडिलांचा उजवा हात कामातून गेला होता. नववीची पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. पुढची तीस वर्षं त्यांनी जिन्याचे कठडे, पलंगाचे पाय आणि बुद्धिबळाची प्यादी कातली. हात असा बसला होता की लाकडाचा चेंडू नुसता तळव्यावर फिरवून त्या म्हणायच्या, "या बाजूला केसभर जास्त आहे." आणि असायचंच.

एक दिवस कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम दुकानात आल्या. वर्गात दाखवायला कार्बनच्या अणूचे दोनशे चेंडू हवे होते, प्रत्येकाला चार भोकं. सोबत त्यांनी कागदावर अधिकच्या खुणेसारखं चित्र काढून दिलं. बाईंनी आठवडाभरात चित्राबरहुकूम माल तयार केला. मॅडमनी एक चेंडू उचलला आणि त्यांचा चेहरा पडला.

"चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "फळ्यावर मी असंच काढते. पण खरा अणू सपाट नसतो. चारही बंध एकमेकांपासून होईल तितके लांब जातात. कुठलेही दोन घ्या, कोन एकशे साडेनऊ अंशांचा."

गोल चेंडूवर असा कोन मोजायचा कुठून? दोन दिवस बाईंनी चांगलं लाकूड वाया घालवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका ठोकळ्यावर साडेएकोणीस अंश चढती खुंटी बसवली; सरळ ड्रिलचे नव्वद आणि हे मिळून एकशे साडेनऊ. पहिलं भोक त्या खुंटीत अडकवायचं, वरून सरळ ड्रिल उतरवायचं, मग चेंडू एक तृतीयांश फिरवून पुन्हा, आणि आणखी एकदा. चारही भोकं चोख जमली. मॅडम कोनमापक लावून थकल्या, पण अर्ध्या अंशाचाही फरक सापडेना.

"एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "चारही सारखीच कशी?"

मॅडमनी सांगितलं की कार्बनच्या बाहेरच्या घरात इलेक्ट्रॉनांच्या चार जागा असतात, त्यांना कक्षक म्हणतात. एक गोल, तीन डंबेलसारखे.

"म्हणजे एक वेगळा, तीन सारखे. मग बंध चारही सारखे कसे होतील?"

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "बारा वर्षं शिकवतेय. हे आपणहून विचारणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. ते चार मिसळतात आणि नवे चार तयार होतात, अगदी एकसारखे. याला संकरण म्हणतात. सोमवारी वर्गात येऊन बसा."

बाई गेल्या. भुशाच्या कपड्यांनी मागच्या बाकावर बसल्या, आणि पुढच्या सोमवारीही. मग माळ्यावरची पुस्तकं खाली आली. बाहेरून दहावी दिली, मग बारावी. नवरा म्हणाला, "या वयात?" सासूबाईंनी त्याला तिथेच गप्प केलं, "तुझं वय कुणी विचारलंय? भाजी चिर."

मॅडमच्याच कॉलेजात झालेल्या बारावीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक करड्या चेहऱ्याचे होते. बाईंचे पांढरे केस पाहून त्यांनी मुद्दाम अवघड प्रश्न काढला. "अमोनियातही तेच संकरण आहे. मग कोन एकशे सात अंशच का?"

"तिथे चारातली एक जोडी कुणाशीच बांधलेली नसते, सर. ती मोकळी, म्हणून जास्त जागा घेते आणि बाकीच्या तिघांना जवळ रेटते."

"आणि पाणी?"

"तिथे मोकळ्या जोड्याच दोन. म्हणून आणखी कमी, एकशे साडेचार. त्याच्या चेंडूंचा साचा बनवताना माझ्या दोन खुंट्या मोडल्या."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "साचा? तुम्ही बनवलात?"

"टेबलावर तुमच्यासमोर आहेत ते सगळे चेंडू माझेच आहेत, सर."

त्यांनी एकेक चेंडू हातात घेऊन फिरवून पाहिला. पुढचे प्रश्न परीक्षेचे राहिलेच नाहीत. साचा कसा केला, लाकूड कुठलं घेतलं, हेच ते विचारत राहिले, आणि बाहेर खोळंबलेली मुलं दारातून डोकावू लागली.

निकालात रसायनशास्त्राला सत्त्याऐंशी होते. मॅडमनी बाईंना गच्च मिठी मारली. सासूबाईंनी दिवसभर फोन सोडला नाही. ज्यांनी अभिनंदन जरा हळू आवाजात केलं, त्यांना त्यांनी संध्याकाळी पुन्हा फोन लावला. बाईंनी दुसऱ्या दिवशी लेथ सकाळी दोन तास लवकर सुरू केला, कारण पदवीच्या प्रवेशाची रांग दहाला लागणार होती आणि त्यांना पहिला नंबर हवा होता.